काळ्या मातीतला पांढरा खडा

सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याची नवी बाग धरायची तर जाणता शेतकरी आधी खड्डा खणून बघतो. काळी माती किती हात खोल आहे, मुरूम कुठे लागतो आणि मधल्या थरात पांढरे खडे किती निघतात? हे खडे बोराएवढे, कधी सुपारीएवढे, वेडेवाकडे आणि खडबडीत असतात. यांनाच कंकर म्हणतात. ते फार निघाले की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. जमिनीत मुक्त चुना साधारण दहा टक्क्यांच्या वर गेला, की संत्र्याच्या मुळांना लोह उचलता येत नाही. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. बागेचा असा हा वैरी. पण तोच खडा भट्टीत भाजला, तर त्यातून पाण्याखालीसुद्धा घट्ट होणारा चुना निघतो. या गुणाचं कोडं युरोपातल्या इंजिनिअरांना अठराव्या शतकात कुठे उलगडायला लागलं. इथे तो माल बांधावर ढीग करून टाकलेला असतो.

काळ्या मातीच्या मुलखात जुनं घर दुरुस्त करायला काढलं, की त्याच्या भिंतीतून, छपरातून आणि पायातून असंच काहीबाही निघत राहतं. घर बांधायला लागलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू बैलगाडीच्या टप्प्यातली असते. आणि ती नुसती जवळ मिळाली म्हणून वापरलेली नसते. या जमिनीच्या ज्या खोडी आहेत त्यांवरचा उतारा याच जमिनीतून काढलेला असतो. मला या घरांचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचं.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे तालुके. १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेलं, हा भाग मध्य प्रदेशात राहिला, पण घराघरातली मराठी राहिली आणि घरांची वळणंही राहिली. रस्त्याच्या कडेला ओटा, मग ओसरी, आत सागवानी खांब, हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, मागे अंगण, वर कवेलू, म्हणजे देशी कौलं. श्रीमंताच्या घरी चुन्याचा गिलावा आणि चुन्यातली जोती. गरिबाच्या घरी चुना पोताऱ्यापुरता.

पायाखाली बघितलं तर इथे दोन जगं एकमेकांना टेकलेली आहेत. पांढुर्ण्याकडे बेसॉल्टचा काळा दगड आहे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाचा. सौंसरकडून पूर्वेला गेलं की त्याच्याही कितीतरी आधीचे खडक उघडे पडतात. संगमरवर, डोलोमाइट, मँगनीजचे पट्टे. ब्रिटिश भूवैज्ञानिक फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खडकांचा अभ्यास केला आणि त्यांना या गावाचंच नाव मिळालं. आजही भूशास्त्राच्या पुस्तकांत नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या या खडकांना ‘सौंसर गट’ म्हणतात. तालुक्याच्या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी असावं आणि गावात ते फारसं कुणाच्या गावी नसावं, ही गंमत आहे.

दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथे तळी साचत होती. त्या तळ्यांच्या तळाशी झालेले गारगोटीसारखे कठीण दगड सौंसर आणि शेजारच्या मोहगाव कलानच्या परिसरात सापडतात आणि त्यांत वनस्पती जशाच्या तशा दगड होऊन बसल्या आहेत. बिरबल सहानी आणि राव यांनी १९४३ मध्ये सौंसरच्या अशाच दगडांतून पाण्यावर तरंगणाऱ्या एका नेच्याचं वर्णन केलं. तो अझोला. आज धानाच्या बांधीत खत म्हणून आणि गोठ्यात चारा म्हणून जो वाढवतात, त्याच कुळातला.

आता त्या पांढऱ्या खड्याकडे परत येऊ. बेसॉल्ट झिजला की त्यातलं कॅल्शियम सुटं होतं. पावसाचं पाणी ते विरघळवून खाली नेतं. उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जाऊन आटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट मातीतच साकळत राहतं, आजूबाजूची चिकणमाती पोटात घेऊन. पापुद्र्यावर पापुद्रा, असं हजारो वर्षं. खड्याच्या पोटातली ही चिकणमाती म्हणजे अशुद्धपणा, आणि सगळी किमया त्या अशुद्धपणातच आहे. शुद्ध संगमरवर भाजला तर पांढराशुभ्र, लोण्यासारखा चुना मिळतो, पण तो हवेशिवाय घट्ट होत नाही. चिकणमाती मिसळलेला खडा भाजला तर मातीतली सिलिका चुन्याशी जुळते आणि तयार होणारी संयुगं पाण्याशी संयोग पावून कठीण होतात. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांना एडिस्टनच्या समुद्रातल्या खडकावर दीपगृह बांधायचं होतं. १७५६ च्या सुमारास त्यांनी ठिकठिकाणचे चुनखडक भाजून पाहिले आणि चिकणमाती असलेला दगडच पाण्यात टिकतो हे त्यांच्या लक्षात आलं. आधुनिक सिमेंटची वंशावळ तिथून सुरू करायची पद्धत आहे. आपल्याकडच्या चुनेवाल्यांनी त्यावर निबंध लिहिले नाहीत, एवढाच फरक.

भट्टीत काय होतं तेही बघण्यासारखं आहे. चुनखडीला साधारण ९०० अंश सेल्सिअसची धग लागली की तिच्यातला कर्बवायू उडून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलोच कळीचा चुना उरतो. ४४ किलो दगड अक्षरशः हवेत जातो. आकार तोच राहतो, हातात घेतला तर हलका लागतो. ही कळी पाण्यात टाकली की आधी क्षणभर काहीच होत नाही. मग चुळबुळ सुरू होते, ढेकळाला भेगा जातात, फसफस होते आणि खाली जाळ नसताना हौदातलं पाणी उकळायला लागतं. तेव्हा जवळ वाकून बघायचं नाही. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझलेला चुना हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका चांगला. मग तो वाळू किंवा विटांच्या भुकटीबरोबर, म्हणजे सुरखीबरोबर, घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर आणि त्यात बैलाने ओढायचं दगडी चाक. फार पाणी न घालता मळून मळून चुना नरम करायचा असतो. घाईचा मिस्त्री पाणी ओततो, आणि पुढे गिलाव्याला भेगा पडतात.

भिंतीवर बसल्यावर चुना हवेतला कर्बवायू परत घ्यायला लागतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत दगडातून जे गेलं ते भिंतीत माघारी येतं. ही क्रिया बाहेरून आत जाते आणि जसजशी आत जाते तसतशी मंदावते. दुप्पट खोल पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. जाड भिंतीच्या पोटातला चुना म्हणून कित्येक वर्षं कोवळा राहू शकतो. भिंतीला बारीक तडा गेला, त्यात पावसाचं पाणी शिरलं, तर हा कोवळा चुना विरघळून तड्यात येतो, हवा लागताच साकळतो आणि तडा बुजतो. रोमन लोकांच्या काँक्रीटमधले पांढरे चुन्याचे गोळे हे निष्काळजी मळणीचं लक्षण, असं बराच काळ मानलं जायचं. २०२३ मध्ये एमआयटीच्या अ‍ॅडमीर मासिक यांच्या गटाने दाखवलं, की त्या गोळ्यांमुळेच काँक्रीट आपले तडे आपण भरून काढतं. दिवाळीच्या आधी घराला चुना मारायची आपली रीतही याच कामाला येते. पातळ चुना केसाएवढ्या भेगांत उतरतो. सणाच्या निमित्ताने दरवर्षी घराची डागडुजी.

पण इथल्या घराचा मोठा भाग चुन्याचा नाही, मातीचा आहे. आणि तिथेच काळ्या मातीची खरी खोडी आडवी येते. तिच्यातल्या चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. पावसाळ्यात चिखलातून पाय निघत नाही आणि चैत्रात भेगेत हात जातो, ती हीच माती. तिच्या भिंती केल्या तर पहिल्याच उन्हाळ्यात उभ्या फाटतील. म्हणून पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्यायचा, आणि भिंतीला माती आणायची ती पांढरीची.

पांढर म्हणजे गावठाण. पिढ्यान्पिढ्या घरं पडली, त्यांच्यावर नवी उठली, चुलीची राख, चुना, शेण, हाडं, खापरं मातीत मिसळत गेली, तिचा फुगण्याचा स्वभाव गेला आणि रंग फिका झाला. महाराष्ट्रातले पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधताना शेतात असा फिका उंचवटा कुठे दिसतो तेच आधी बघतात. गवंड्याला मात्र तो तयार माल. काळ्या रानात पीक, पांढरीवर घर. आणि पडलेलं घर पुढच्या घराची माती होऊन पडून राहतं. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत पडलेल्या भिंतीचा मलबा ट्रॅक्टर लावून गावाबाहेर टाकतात, ते बघून म्हणूनच वाईट वाटतं. तो मलबा नसतो. तीच माती भिजवून, कुटार म्हणजे भुसा घालून, पुन्हा तुडवली की भिंत उभी राहते. कुटारामुळे माती वाळताना एका ठिकाणी फाटत नाही, ताण सगळीकडे वाटला जातो. हा कालवलेला गारा आठवडाभर आंबवला तर तो चिकट होतो, वासही मारतो. हा वास येऊ न देता काम उरकणारा गवंडी भरवशाचा नाही, असं माझं मत आहे.

अशी हातभर मातीची भिंत वैशाखातल्या दुपारची धग आत पोचायला दहा-बारा तास लावते. पोचते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते आणि दारं उघडी असतात. शिवाय माती हवेतली ओल घेते आणि सोडते. या शेवटच्या गुणामुळेच सिमेंट तिच्यावर चालत नाही.

बहुतेक जुन्या घरांचा घात इथे होतो. भिंतीचा खालचा हातभर पट्टा ओलीने खराब दिसतो, पोपडे सुटतात, मग घरमालक म्हणतो, एकदाच काय ते पक्कं करू, आणि कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारतो. जमिनीतली ओल वर चढायची थांबत नाही. पूर्वी ती भिंतीच्या अंगातून उडून जात होती, आता तिला वाटच राहत नाही, म्हणून ती गिलाव्यामागून आणखी वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडतं तिथे त्यांचे स्फटिक वाढतात आणि मातीचे कण उचकटतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हा. सिमेंटचा पापुद्रा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आत माती मऊ होत जाते. एक दिवस गिलावा ढलपीसकट खाली येतो. सिमेंट वाईट म्हणून हे होत नाही. ते या भिंतीपेक्षा फार कडक आणि फार बंद आहे, म्हणून होतं. दुरुस्तीचा माल मूळ मालापेक्षा थोडा कच्चाच हवा, म्हणजे झिजायची वेळ आली की तो झिजतो आणि भिंत वाचते. माती-चुन्याचा गिलावा दहा वर्षांनी पुन्हा करावा लागला, तर त्याने आपलं काम केलं असं समजायचं.

चुन्यात काय काय घालत याच्या कहाण्या सगळीकडे ऐकू येतात. गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडदाचं पाणी, हिरडा. यातलं पुष्कळसं सांगणाऱ्याने वाढवलेलं असतं, पण पाया खरा आहे. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. गुळातली साखर चुन्याशी जोडी जमवून तो कितीतरी जास्त विरघळवते, त्यामुळे चुना कणाकणात पसरतो. बेल आणि मेथीचा बुळबुळीत अंश पाणी धरून ठेवतो, म्हणजे मे महिन्याच्या उन्हातही गिलावा एकदम सुकत नाही. चीनमध्ये हेच काम चिकट तांदळाच्या पेजेने केलं; तिथल्या संशोधकांनी जुन्या भिंतींच्या चुन्यात तांदळातला स्टार्च ओळखून काढला आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि पानं मिसळलेली आहेत, हे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. हजार-दीड हजार वर्षांत त्या गिलाव्याला किडीने फारसा हात लावलेला नाही. वैद्याच्या पडवीतल्या बरण्या गवंड्याच्या घमेल्यात रित्या होत होत्या म्हणायच्या.

छपराची गोष्ट वेगळी, कारण तिथला कारागीर कुंभार. देशी कवेलू सपाट पाटीवर करत नाहीत. चाकावर निमुळतं, बुडाशिवायचं नळकांडं ओढतात. ते ओलं असतानाच तारेने किंवा काडीने समोरासमोर दोन उभ्या रेघा आतून चिरतात, पण आरपार नाही. मग वाळवून भाजायचं आणि हलकी टिचकी मारायची, की एका नळकांड्याची दोन कवेलू होतात. एक उताणं, एक पालथं, असे थर. हा निमुळतेपणा मुद्दाम असतो, वरचं कवेलू खालच्यात अडकून बसावं म्हणून. मंगळुरात १८६५ मध्ये बासल मिशनने कारखाना काढला, सपाट, लाल, खाचेची कौलं रेल्वेने दूरवर पोचली आणि श्रीमंतांच्या घरांवर ती चढली. तरी गावकवेलूची हवा खेळती राहण्याची सोय त्यांना नाही. गावकवेलूचा शत्रू एकच, माकड. वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की मृगाआधी कवेलू फेरावीच लागतात, आणि फेरणारे हात आता मिळत नाहीत. पत्रे आले ते बरेचसे या कारणाने. त्यासाठी लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

लाकूड सातपुड्याचं सागवान. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. तरी जुन्या सुताराने लाकडावर सगळा विश्वास टाकला नाही. खांब जमिनीत पुरला नाही, दगडी तळखड्यावर उभा केला, म्हणजे खालची ओल दगडाशीच थांबते. सांध्यात खिळा नाही, कुसू आणि भोक, वर लाकडी खुंटी. खुंटी काढली तर अख्खा सांगाडा सुटा होतो. एखाद्या खांबाचं बूड कुजलं असेल तर पूर्ण खांब फेकायची गरज नसते. तेवढंच बूड कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवता येतो. इंदूरचा होळकरांचा राजवाडा खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे असा आहे. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने तो जाळला, १९८४ मध्ये पुन्हा मोठी आग लागली, आणि तरी २००७ पर्यंत त्याचा जळालेला भाग जुन्या रीतीने, चुना-दगड-लाकडात पुन्हा उभा राहिला. सुतारकामाचं व्याकरण शाबूत असेल तर जळालेलं वाक्यही पुन्हा लिहिता येतं.

हे सगळं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालणार नाही. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली, ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंतींखाली. त्या भिंतींत आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, मधे नुसती भर होती, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझं. पांढुर्ण्याच्या बाजूलाही जमीन अगदी निश्चिंत नाही. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप फार लांबचा नव्हे. म्हणून दुरुस्तीत भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर बसवणं आणि जोत्यावर, खिडकीच्या डोक्यावर लाकडाचा अखंड पट्टा फिरवणं, यात कसूर नको. आणि नदीचा गोल गोटा भिंतीत नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या खेळात जाम नदीच्या पात्रात जे गोटे सुटतात ते हाताने भिरकावायला सोयीचे म्हणूनच भिंतीला गैरसोयीचे. त्यांना टेकायला पाठ नसते. घडवलेला, सपाट बसणारा काळा दगड तो काळा दगड.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी छप्पर, मग पागोळ्यांचं पाणी घरापासून दूर नेणारी नाली, मग सिमेंटचा जुना गिलावा काढून भिंत एक उन्हाळा वाळवणं, आणि सगळ्यात शेवटी नवा गिलावा. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात, कारण रंग आधी दिसतो. चुन्याचं काम पावसाळा संपल्यावर घ्यायचं, हवेत ओल असते आणि ऊन कडक नसतं. नवा गिलावा ओल्या पोत्यांनी झाकून ठेवायचा, कारण कोरड्या चुन्याला कर्बवायू घेता येत नाही.

घरची माती कुठली आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पडलेल्या भिंतीची मूठभर माती फोडून काचेच्या बरणीत घाला, पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, जोराने हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळ तासाभरात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत, आणि तीन थर बाहेरून मोजता येतात. चिकणमातीचा थर पाव हिश्श्याच्या फार वर गेला तर तिच्यात रेती मिसळल्याशिवाय गारा करू नका. आणि तळाशी बसलेला एखादा पांढरा खडा बाहेर काढून त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर तो कंकर. एखादा खडा कुणाच्या बागेतून आला असेल तर त्याचा मालक खुशीने आणखी पोतंभर देईल.